थँक्सगिव्हिंगच्या उपासनेला चेरोकी गायकांना बोलावणार असाल, तर…

प्रति,
अमेरिकेतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच कमिट्या आणि गायनमंडळांचे प्रमुख,
तसंच नोव्हेंबरात मूळ अमेरिकन कलावंतांचे कार्यक्रम ठेवणारी मराठी मंडळं

प्रिय बंधुभगिनींनो,

सप्रेम सलाम.

ऑक्टोबर उजाडला की आपल्या मंडळ्यांत थँक्सगिव्हिंगच्या उपासनेची आखणी सुरू होते. हल्ली त्या आखणीत 'मूळ अमेरिकन पाहुण्यांचं गाणं' अशीही एक ओळ असते. मी पूर्व ओक्लाहोमात राहते आणि आमच्या मंडळीच्या गायनाचं काम पाहते, त्यामुळे मला ठिकठिकाणांहून फोन येतात. 'तुमच्याकडे कुणी चेरोकी गाणारं आहे का? दहा मिनिटांचं काहीतरी हवंय.' मी नावं सुचवते. पण एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच लिहावं असं ठरवलं, कारण मला म्हणायचं आहे ते दहा मिनिटांत उरकणारं नाही.

मागणी एवढीच आहे: या गायकांना बोलावणार असाल तर अख्खी उपासना त्यांच्या हाती द्या. गाणं, साक्ष, वचनावरचे दोन शब्द, सगळं त्यांच्याकडून ऐका. जमणार नसेल तर बोलावू नका, पण सूचना आणि प्रीतिभोजन यांच्यामधली फट भरायला त्यांना वापरू नका.

मी बहुतेकांना ज्या मायलेकींचं नाव सुचवते त्या ताहलेक्वाजवळच्या एका खेड्यातल्या आहेत. त्यांना नाव छापून आणायची हौस नाही, म्हणून इथे देत नाही. आई सत्तरी ओलांडलेली, चेरोकी बोलतच वाढलेली. मुलगी लहान मुलांना चेरोकी शिकवते. दोघी मिळून चेरोकी बॅप्टिस्ट मंडळ्यांत, वृद्धाश्रमांत, तुरुंगात आणि मुख्य म्हणजे अंत्यविधींना गातात. त्यांच्यात याला सेवाच म्हणतात. गाण्याचे पैसे ठरवून त्या कधी जात नाहीत.

आईच्या हातात शर्टाच्या खिशात मावेल एवढं स्तोत्रांचं पुस्तक असतं. जुन्या चेरोकी स्तोत्रपुस्तकांत सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने बनवलेल्या लिपीतले शब्द तेवढे असतात, सुरावट नसते. चाल तोंडपाठ. ती कुणाच्या तरी आजीकडून, मामाकडून आलेली असते. पुस्तक हातात असलं तरी आई ते उघडत नाही. पहिली ओळ ती एकटी उचलते, इतक्या संथ लयीत की नव्या माणसाला वाटावं ती शब्द विसरली. दुसऱ्या ओळीला मुलगी खालच्या सुरात शिरते. गिटार नाही, पियानो नाही. ओळीच्या शेवटचा स्वर दोघी एकदम सोडतात, एकमेकींकडे न बघता. हे कसं जमतं असं मी मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, आईचा खांदा खाली येताना जाणवतो. इतकी वर्षं गायन शिकवते मी, पण स्वर सोडण्याचं याहून नेमकं शिक्षण मी कुणाला दिलेलं नाही.

गेल्या वर्षी आपल्याच एका मंडळीने, नाव घेत नाही, या दोघींना बोलावलं. त्या अख्खी सकाळ गाडी चालवून पोहोचल्या. उपासना लांबली होती. दुसरं कडवं संपतंय तोवर मागून कुणीतरी घड्याळाकडे बोट दाखवलं. मग मुलांना फोटो काढता यावेत म्हणून बाजारातून आणलेला पिसांचा टोप पुढे आला, आणि 'मॅडम, जरा घालाल का?' अशी विनंती झाली. आई शांतपणे म्हणाल्या, 'आमच्यात हे घालत नाहीत.' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण त्या मायलेकींकडे सांगण्यासारखं केवढं होतं आणि त्यातलं काहीच कुणाला ऐकता आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

टोपाचं आधी सांगते. पाठीवर रुळणारा तो लांब पिसांचा टोप मैदानी प्रदेशातल्या लकोटा, शायान अशा लोकांचा, आणि तोही मिळवावा लागणारा मान. चेरोकी मूळचे दक्षिण ॲपलेशियन डोंगरांतले, शेती करणारे, नद्यांकाठी गावं वसवून राहणारे. एकोणिसाव्या शतकातली चेरोकी पुढाऱ्यांची चित्रं पाहा, डोक्याला पागोट्यासारखं गुंडाळलेलं कापड दिसेल. सिक्वोयाच्या प्रसिद्ध चित्रातही तेच आहे. बायकांचा जो पोशाख चेरोकी नेशनने, म्हणजे ओक्लाहोमातल्या चेरोकींच्या स्वतःच्या राष्ट्राने, १९६९ साली अधिकृत ठरवला, तो लांब झग्यासारखा सुती पोशाख आहे. खांद्यापाशी आणि घेरावर कापडी पट्ट्यांची शंकरपाळी नक्षी असते. त्या मायलेकी तोच घालून येतात. फोटो काढायचाच असेल तर त्याचा काढा, आणि तो कुणी शिवला ते विचारा. त्याची हकिगत त्या आनंदाने सांगतात.

आता त्या काय गातात ते. बहुतेक ठिकाणी फर्माईश होते 'अमेझिंग ग्रेस'ची. चाल तीच, पण चेरोकीतले शब्द जॉन न्यूटनच्या गीताचं भाषांतर नाहीत. देवाच्या पुत्राने आपलं मोल भरलं, तो स्वर्गात गेला आणि पुन्हा येणार आहे, असा त्या कडव्यांचा ओघ आहे. अनेक चेरोकी लोक या गीताला आपलं राष्ट्रगीत मानतात. चेरोकी स्तोत्रांचं पुस्तक न्यू एकोटा इथे, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तेव्हाच्या चेरोकी राजधानीत, १८२९ साली छापलं गेलं. तयार करणारे दोघे होते: एलायस बूडिनॉट हा चेरोकी संपादक आणि सॅम्युएल वुस्टर हा मिशनरी. ती लिपीही तेव्हा नवीकोरी होती. इंग्रजी लिहिता-वाचता न येणाऱ्या सिक्वोयाने १८२१च्या सुमारास ती पुरी केली आणि काही वर्षांत चेरोकी लोक आपापसांत पत्रं लिहू लागले. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू एकोटातून 'चेरोकी फीनिक्स' हे वर्तमानपत्र निघालं, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. त्याचे चेरोकी खिळे बॉस्टनला ओतून घेतले होते.

बॉस्टन म्हटलं की आपल्यातल्या जुन्या घराण्यांच्या मनात लगेच आणखी एक नाव येईल. वुस्टरला ज्या संस्थेने पाठवलं ती अमेरिकन बोर्ड, म्हणजे आपण जिला घरात 'अमेरिकन मिशन' म्हणतो तिची मायसंस्था. १८१० साली ती स्थापन झाली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. चारच वर्षांनी, १८१७ साली, त्याच बोर्डाने टेनेसीत आजच्या चॅटनूगाजवळ चेरोकी मुलांसाठी ब्रेनर्ड हे ठाणं उघडलं. हॉल नाशिककडच्या दौऱ्यात १८२६ साली कॉलऱ्याने गेला. त्याच सुमारास वुस्टर नुकताच चेरोकी मुलखात येऊन भाषा शिकत होता. बोर्डाचं 'मिशनरी हेरल्ड' हे मासिक आता इंटरनेटवर चाळता येतं. १८२०च्या दशकातले अंक उघडून बघा. मुंबईहून आलेली पत्रं आणि चेरोकी मुलखातून आलेली पत्रं एकाच अंकात सापडतात. न्यू इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातली बाई आपल्या नाण्यांतून मुंबईच्या शाळेलाही देत होती आणि ब्रेनर्डच्या शाळेलाही. पुढे त्याच बोर्डाचं काम नगरला पोहोचलं, 'ज्ञानोदय' निघालं, शाळा निघाल्या, आणि आपल्यातल्या किती जणांच्या पणजोबांनी तिथेच पहिल्यांदा पाटी हातात धरली.

म्हणून त्या मायलेकी आपल्या मंडळीत येतात तेव्हा त्यांना 'परदेशी पाहुणे' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एकाच बोर्डाच्या दोन दारांतून वचन शिकलेली ही दोन घराणी आहेत. दोनशे वर्षं एकमेकांना न भेटलेली.

मात्र ओळख निघाली म्हणजे सगळं गोडगोड झालं असं नाही. या बोर्डाने चेरोकींच्या बाबतीत काय केलं आणि काय केलं नाही, हे आपण ऐकून घेतलं पाहिजे. १८३० साली हुसकावणीचा कायदा झाला, म्हणजे मूळ अमेरिकनांना त्यांच्या जमिनींवरून मिसिसिपीच्या पश्चिमेला हलवण्याचा. जॉर्जियाने चेरोकी मुलखात राहणाऱ्या गोऱ्यांना राज्याशी एकनिष्ठतेची शपथ आणि परवाना सक्तीचा केला. वुस्टर आणि डॉ. एलायझर बटलर यांनी नकार दिला. १८३१ साली त्यांना चार वर्षं सक्तमजुरी झाली आणि मिलेजव्हिलच्या तुरुंगात टाकलं. बोर्डाचे चिटणीस जेरमाया एव्हार्ट्स यांनी त्याआधी टोपणनावाने लेख लिहून या कायद्याविरुद्ध देशभर रान उठवलं होतं. ३ मार्च १८३२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वुस्टरच्या खटल्यात निकाल दिला की चेरोकी मुलखात जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. हा निकाल आजही मूळ अमेरिकनांच्या हक्कांचा पाया मानला जातो. पण अंमल झाला नाही. आणि मग बोर्डानेच कैद्यांना सल्ला दिला की माफी स्वीकारा आणि बाहेर या. जानेवारी १८३३मध्ये ते सुटले. पुढे वुस्टर स्वतःही म्हणू लागला की आता पश्चिमेला जाण्यावाचून मार्ग नाही. चेरोकींना वाटलं असेल की ज्यांनी आपल्यासाठी तुरुंग सोसला त्यांनीच हात सोडला. त्या मायलेकींची आई हे सांगते तेव्हा आवाज चढवत नाही. 'चांगली माणसं होती, पण दमली,' एवढंच म्हणते. माझं मत तिच्यापेक्षा कडक आहे. ज्यांची जमीन जाणार होती त्यांना दमण्याची सोय नव्हती.

डिसेंबर १८३५मध्ये थोड्या लोकांनी न्यू एकोटाच्या तहावर, म्हणजे जमीन सोडून पश्चिमेला जाण्याच्या करारावर, सही केली. त्यात बूडिनॉटही होता. प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य चेरोकी विरोधात होते. १८३८च्या मे महिन्यात लष्कर आलं, घराघरांतून लोकांना काढून लाकडी कुंपणांच्या छावण्यांत कोंडलं. त्या उन्हाळ्यात आजारांनी माणसं पटापट गेली. मग रॉस यांच्या देखरेखीखाली तेरा तांडे निघाले, साधारण आठशे-हजार मैलांच्या वाटेवर. एकंदर सोळा हजारांच्या आसपास लोकांना हलवलं, त्यातले चार हजार गेले असा सर्वसाधारण अंदाज आहे. तो अंदाज मुळात त्याच डॉ. बटलरचा. तो तांड्याबरोबर चालला होता. चेरोकींच्या मालकीचे काळे गुलामही त्याच वाटेने चालले. मायलेकी हे वगळत नाहीत, आपणही वगळू नये.

एका तांड्याचा नायक जेसी बुशीहेड नावाचा चेरोकी बॅप्टिस्ट उपदेशक होता. मिसिसिपी बर्फाने तुंबली होती, तांडा काठावर जवळजवळ महिनाभर अडकला. नदी पार झाल्यावर जानेवारी १८३९मध्ये मिसूरीत त्याची मुलगी जन्मली. तिचं नाव ठेवलं एलायझा मिसूरी. छावण्यांत आणि वाटेत प्रार्थना होत, स्तोत्रं गायली जात. मृतांना नीट पुरायला वेळ नसे तेव्हा त्या जागी गीत म्हणून पुढे जात, असं चेरोकी घरांत सांगतात. मायलेकी जी सगळ्यात जुनी गीतं गातात ती याच वाटेवरून आलेली आहेत. ती दोन कडवी गाऊन झाल्यावर टाळ्या वाजवून 'आता केक कापूया' म्हणणं मला सहन होत नाही. उपासनेत टाळ्या वाजवाव्यात की नाही हा वाद आपल्यात जुना आहे. या गीतांनंतर तरी वाजवू नका, एवढं माझं ऐका.

गाणं आज का महत्त्वाचं आहे तेही सांगते. चेरोकी नेशनचे नागरिक साडेचार लाखांहून जास्त आहेत, पण चेरोकी मातृभाषा म्हणून बोलणारे दोन हजारांहूनही कमी उरले, आणि त्यातले बहुतेक साठीच्या पुढचे. २०१९ साली तिन्ही चेरोकी राष्ट्रांनी एकत्र बसून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. त्यानंतर कोविडने आणखी कितीतरी म्हातारी माणसं नेली. ही भाषा आपोआप आटली नाही. सरकारी आणि मिशनच्या बोर्डिंग शाळांत भाषा बोलल्याबद्दल मुलांना मारत असत, आणि अशी मार खाल्लेली कित्येक माणसं पुढे आईबाप झाली तेव्हा त्यांनी मुलांशी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं. २०२४च्या ऑक्टोबरात अध्यक्ष बायडन यांनी या शाळांबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली. चेरोकी नेशन स्वतः खूप काही करतंय. ताहलेक्वाला चेरोकी माध्यमाची शाळा आहे, प्रौढांसाठी भाषा शिकण्याचे पगारी वर्ग आहेत, २०००पासून मुलांचं गायनमंडळ आहे, ते चेरोकीतच गातं. फोनवर ती लिपी उमटते.

तरीही घराची जागा शाळा घेत नाही. ज्या घरांत रोजचं बोलणं इंग्रजीत गेलं, तिथेही रविवारचं गीत चेरोकीत राहिलं. त्या मुलीने आधी गीतं पाठ केली आणि भाषा नंतर शिकली. व्याकरण शिकताना तिला अवघड क्रियापदांची रूपं ओळखीची वाटायची, कारण ती गीतात आधीच तोंडात बसली होती. आईने तिला समोर बसवून कधी शिकवलं नाही. अंत्यविधीला जाताना गाडीत शेजारी बसवलं आणि गायला सुरुवात केली. आपल्याकडे भजनी मंडळात पोरं टाळ घेऊन मागे बसता बसता गाणारी होत, तसंच हे. म्हणूनच कुटुंबाने मिळून गाणं याला त्यांच्यात एवढी किंमत आहे. चेरोकी मंडळ्यांत शनिवारी रात्री 'सिंगिंग' जमतं, गावोगावची कुटुंबं येतात, एकेक घर उठून गातं. मी गेले तेव्हा एका आजोबांबरोबर एवढीशी नात उभी होती. तिला सगळे शब्द येत नव्हते, पण शेवटचा शब्द ती दरवेळी बरोबर पकडत होती. कुणी हसलं नाही. उलट पुढच्या कडव्याला लोकांनी लय आणखी उतरवली, तिला गाठता यावं म्हणून.

एक सावधगिरी. सगळे चेरोकी ख्रिस्ती नाहीत. रात्रभर अग्नीभोवती चालणारा स्टॉम्प डान्स, पायाला कासवाच्या पाठींची खुळखुळी बांधून ताल धरणाऱ्या बायका, जुन्या विधींची मैदानं, हे सगळं ओक्लाहोमात जिवंत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेडबर्ड स्मिथ यांनी ते नेटाने उभं केलं. आणि रविवारी चर्चमध्ये बसणारे काही जण शनिवारी रात्री तिथेही असतात. प्रश्नोत्तरांत आपल्यातले कुणी उत्साहाने विचारतात, 'म्हणजे तुम्ही ते जुनं सगळं सोडलंत ना?' कृपा करून हे विचारू नका. पाहुण्याला त्याच्या भावकीविरुद्ध साक्ष द्यायला लावणं आपल्या रीतीत बसत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी धर्मांतरानंतर भाऊबंदांचा दरवाजा बंद झाला होता, त्यांना मी वेगळं सांगायला नको.

बोलावताना आपण कुणाला बोलावतोय हेही पाहा. अमेरिकेत 'माझी पणजी चेरोकी राजकन्या होती' असं सांगणारे पावलोपावली भेटतात. चेरोकींमध्ये राजकन्या नव्हत्याच. केंद्र सरकारने मान्यता दिलेली चेरोकी राष्ट्रं तीन: ताहलेक्वाचं चेरोकी नेशन, तिथलाच युनायटेड कीटूवा बँड, आणि नॉर्थ कॅरोलायनातला ईस्टर्न बँड. ईस्टर्न बँड म्हणजे हुसकावणीच्या वेळी डोंगरांत मागे राहिलेल्यांचे वंशज. नागरिकत्व वंशावळीच्या सरकारी नोंदींवरून ठरतं. गायकांना कागद दाखवा म्हणायचं नाही, पण 'तुमची मंडळी कोणती, तुमचं गाव कोणतं, ही गीतं कुणाकडून शिकलात?' एवढं विचारा. खऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही, तो तासभर सांगत बसतो. जो पिसं, ढोल आणि बासरी घेऊन येतो पण कुठल्याच गावाचं, कुठल्याच माणसाचं नाव घेत नाही, त्याला राहू द्या.

मराठी मंडळांच्या कार्यकारिणीला दोन शब्द. तुमच्या मंचावर या मायलेकी आल्या तर त्यांचं गाणं ख्रिस्ती आहे म्हणून अवघडून जाऊ नका, आणि 'फक्त सांस्कृतिक गाणी म्हणा' अशीही अट घालू नका. त्यांची भाषा ज्या गीतांत टिकली ती हीच आहेत. शिवाय तुम्हाला तर हा इतिहास दाराशी आहे. अटलांटाहून उत्तरेला तास-सव्वा तासावर न्यू एकोटा आहे. तिथे वुस्टरचं राहतं घर अजून उभं आहे, त्या गावातली मूळ जागेवरची तीच एक वास्तू उरली आहे. लाँग वीकेंडला आपली निम्मी माणसं स्मोकी माउंटन्सला जातात. तिथलं सर्वांत उंच शिखर, ज्याला आपण क्लिंगमन्स डोम म्हणून ओळखत होतो, त्याला २०२४च्या सप्टेंबरात कुवोही हे चेरोकी नाव परत मिळालं. पायथ्याच्या चेरोकी गावात रस्त्यांच्या पाट्यांवर सिक्वोयाची लिपी आहे आणि चांगलं संग्रहालय आहे. रस्त्याकडेला टोप घालून फोटोसाठी उभ्या राहणाऱ्या माणसाशी थांबण्याऐवजी तिथे दोन तास काढा. सेंट लुईसवाल्यांना केप जिरार्डोजवळचं उद्यान आहे, जिथे त्यातले बहुतेक तांडे मिसिसिपी ओलांडून उतरले.

आता आपलं देणं. पाहुण्यांचं ऐकून घ्यायचं आणि आपण इंग्रजी वर्शिप गाणी वाजवायची, हे मला पटत नाही. त्या मायलेकींनी मला विचारलं होतं, 'तुम्ही तुमच्या भाषेत काय गाता?' मी त्यांना नारायण वामन टिळकांबद्दल सांगितलं. नाशिक-नगरकडच्या कवीने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम केलं, आणि ख्रिस्ताचं गाणं अभंगात, ओवीत, कीर्तनात आणलं. आईला फार नवल वाटलं. त्यांच्या मंडळ्यांत चाली बहुतेक बाहेरून आल्या आणि शब्द त्यांचे. आपल्याकडे चालही आपली, छंदही आपला. मी पेटी काढून एक भजन म्हटलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. मुलीने ताल विचारला, तर मी धुमाळी हातावर मोजून दाखवली. ती संध्याकाळ आमची तिघींची तिथेच गेली. अशी संध्याकाळ आपल्या मंडळ्यांत व्हावी असं मला मनापासून वाटतं. त्या दिवशी 'उपासना संगीता'तली टिळकांची भजनं आपल्या मुलांकडून म्हणवून घ्या. पेटी, तबला, टाळ काढा. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांना पुढे बसवा, आणि नातवंडाबरोबर त्यांनाच गायला सांगा. मुलांना शब्द येत नसतील तर आत्तापासून सहा आठवडे आहेत, तेवढे पुरतात. देवनागरी वाचता येत नाही म्हणून रोमन लिपीत लिहून दिलं तरी चालेल, पण गीत मराठीत असू द्या.

व्यवहाराचंही स्पष्ट लिहिते, कारण तिथेच माणसं दुखावतात. त्या मायलेकी पैसे मागत नाहीत, म्हणून देऊ नयेत असं नाही. पेट्रोल, मुक्काम आणि मानधन हे कमिटीने आधी ठरवून लिफाफ्यात द्यावं. अर्पणाची पिशवी फिरवून त्यात जमेल ते, असं करू नये. आई रात्री गाडी चालवू देत नाही, तेव्हा दूरच्या मंडळ्यांनी आदल्या रात्रीची सोय कुणाच्या तरी घरी करावी. तिला तिखट चालत नाही, वरण-भात आवडतो. ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी ठेवा, प्रतिध्वनी बंद ठेवा, आणि त्यांच्या आवाजाखाली कीबोर्डवाल्याने सूर धरून बसू नये. रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा. काही गीतं त्या कुणालाही रेकॉर्ड करू देत नाहीत, विशेषतः अंत्यविधीची, आणि कारण विचारलेलं त्यांना आवडत नाही. गीतांचे शब्द पडद्यावर दाखवायचे असतील तर चेरोकी लिपीतच दाखवा, मुलगी फाइल पाठवते. मुलांना ती अक्षरं बघू द्या. उपासनेनंतर मुलगी फळ्यावर प्रत्येकाचं नाव त्या लिपीत लिहून दाखवते, त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा, कारण रांग मोठी लागते.

ज्या पंच कमिट्यांनी या वर्षीचा कार्यक्रम आधीच छापला असेल, त्यांनी यंदा राहू द्यावं आणि पुढच्या वर्षीचा एखादा रविवार आत्ताच धरून ठेवावा. नोव्हेंबरच हवा असं काही नाही. जूनमधला साधा रविवारही चालेल, उलट तेव्हा रस्ते चांगले असतात आणि त्यांच्याकडे आमंत्रणांची गर्दी नसते. कुठला रविवार देताय ते तुमच्या गायनप्रमुखांकरवी मला कळवा. मी त्यांच्याशी बोलून ठेवते, आणि तुमची मुलं कुठलं भजन म्हणणार आहेत तेही त्यांना सांगते. आईने खास विचारून ठेवलंय.

ख्रिस्तात आपली भगिनी,
पूर्व ओक्लाहोमातल्या एका मराठी मंडळीची गायनप्रमुख